मागच्या बाकावरच्या बाई

घशाच्या ऑपरेशननंतर गणिताच्या बाईंचा आवाज गेला तो गेलाच. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचे जुने व्हिडिओ ऑनलाइन आहेतच की! तेच वर्गात लावायचे. तुम्ही नुसतं बसून राहा."

तेव्हापासून बाई रोज व्हिडिओ सुरू करायच्या, मागच्या बाकावर टेकायच्या आणि स्वतःचाच खणखणीत आवाज ऐकत घंटेची वाट बघायच्या. त्याचाही आता कंटाळा आला होता. आज तर त्यांनी राजीनामा लिहूनच आणला होता.

स्क्रीनवरच्या बाईंनी अपूर्णांकांची बेरीज संपवली आणि सवयीने विचारलं, "कळलं का रे सगळ्यांना?"



अख्खा वर्ग स्क्रीनकडे पाठ करून मागे वळला आणि एका सुरात म्हणाला, "नाही बाई, तुम्हीच फळ्यावर शिकवा ना!"