अठ्ठावीस तारखेचा शब्द

बार्शीची गाडी हद्द ओलांडून येडशीला थांबली, तशी निजामाच्या जमादारानं गौराबाईला खाली उतरवून तिची पिशवी फलाटावर उलटी केली. दोन लुगडी, सुईणीची कात्री, आयोडीनची बाटली आणि एक वही.

वही त्यानं चाळली. प्रत्येक पानावर एक तारीख आणि तिच्यापुढं एकच इंग्रजी शब्द. बाकी कोरं.

"ये क्या है?"

"शब्द हायत, साहेब. बार्शीच्या दवाखान्यात कामाला हाय मी. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून नवा, अवघड शब्द ऐकला की लिहून घेते. रोज एक."

"अर्थ कुठं हाय?"

"अर्थ लिहिला की ध्यानात ऱ्हात न्हाय. तो डोक्यात ठेवते."

जमादार पानं उलटत गेला आणि अठ्ठावीस तारखेवर थांबला. त्या तारखेच्या पहाटे हद्दीवरचं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं, नाकं कुणीतरी पेटवून दिलं होतं.

"इस दिन का लफ्ज क्या बोलता है?"

त्या दुपारी दोन्ही हात भाजलेला एक माणूस दवाखान्यात आला होता. तिनंच त्याला मलम लावलं. त्याचे हात बघून डॉक्टरीणबाई हळूच पुटपुटल्या, 'कॉन्फ्लॅग्रेशन'. सगळं गिळत जाणारी मोठी आग. आणि आज ती निघाली होती, त्याच माणसाच्या बायकोला तो जिवंत असल्याचा निरोप द्यायला.

"रोगाचं नाव हाय," ती म्हणाली. "अंगावर लाल पुरळ उठतं."

जमादारानं त्या शब्दावर बोट ठेवलं. "मुन्शीजी को बुलाओ."

खाजामियाँ मुन्शी करोडगिरीतले जुने कारकून. स्टेशनात इंग्रजी वाचणारे तेवढेच. जळालेल्या नाक्यात त्यांची वीस वर्षांची दफ्तरं गेली होती. त्यांनी चष्मा लावला, शब्द वाचला, पुन्हा वाचला. मग गौराबाईकडं पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही.

"बाई बराबर बोलती," मुन्शी म्हणाले. "साथीचा रोग हाय. एका गावाला लागला की दुसऱ्या गावाला जातो."

जमादारानं वही झटकन खाली टाकली आणि हात विजारीला पुसले.

"इधर आया क्या?"

मुन्शींनी वाकून वही उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि ती गौराबाईच्या हातात दिली.

"आ रहा है," ते म्हणाले.