राष्ट्राध्यक्षांचा आवाज

मराठीत डब झालेल्या सिनेमांतले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अच्युतरावांच्याच आवाजात धीर देत. "घाबरू नका, घरातच थांबा!" धूमकेतू येवो की परग्रहवासी, प्रेक्षक ऐकत.

आज मात्र स्टुडिओतला पडदा कोरा होता आणि काचेपलीकडे दोन सफारीवाले.

"चित्र कुठाय?" अच्युतरावांनी विचारलं.

"नंतर येईल, काका. तुम्ही बोला."

"पण संकट कुठलं? धूमकेतू असेल तर खर्जात बोलतो."

"तेही नंतर ठरेल." सफारीवाले हसले नाहीत.

कागदावर जादा वाक्य होतं: "ओळखीचा आवाज आला तरी दार उघडू नका." अच्युतरावांनी तेही झकास म्हटलं.

संध्याकाळी गल्ली सामसूम होती. घराघरातल्या टीव्हीवर सरकारी निवेदन चालू होतं, त्यांच्याच आवाजात. त्यांनी आपलं दार ठोठावलं. "अगं, उघड, मी आहे."

आत बायकोने आणखी एक कडी घातली.