पान न ओळखणारे भुंगे

जलपर्णी खाणारे भुंगे तळ्यावर सोडायची परवानगी यायला सोळा वर्षं लागली. तोवर मंदाताईंनी प्रयोगशाळेत पानांऐवजी शिजवलेल्या खाद्यावर भुंग्यांच्या शंभर पिढ्या वाढवल्या. आज अखेर ते भुंगे जलपर्णीने गुदमरलेल्या तळ्यावर सोडले, पण संध्याकाळपर्यंत एकाही पानाला भोक पडलं नाही. उलट खाद्याच्या वासाने ते मंदाताईंच्या हातांवरच येऊन बसले.

"पान खायचं असतं हेच यांना ठाऊक नाही," त्यांची सहकारी रेहाना म्हणाली. "आता?"

"उद्यापासून खाद्यात चिमूटभर पानाची पूड घालू. मग हळूहळू वाढवू."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही गं, पिढ्या." मंदाताई थकून काठावर बसल्या आणि एकेक भुंगा अलगद डब्यात ठेवू लागल्या. "निवृत्तीपर्यंत दहाएक माझ्या हातून होतील."

रेहाना शेजारी टेकली. "मग मला खाद्य शिजवायला उद्याच शिकवा," ती म्हणाली.