दादा वाचायचा ते पुस्तक

जयवंतनं धाकट्या बहिणीला केसाला धरून भाताच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

"सही करायची झाली की हाक मार! एजंट गाडीत ताटकळलाय. पौडला रजिस्टर कचेरीत जायचं हाय."

साडी-चोळी घ्यायची आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, ही मुळशीतली जुनी रीत. बहिणीला विचारतंय कोण!

शुभांगी धडपडत पत्र्याच्या ट्रंकेवर आदळली. ओठ फुटला. ट्रंकेचं झाकण निघालं आणि आत, जयवंतदादाच्या शाळेच्या वह्यांखाली, ते पुस्तक दिसलं. कव्हर उंदरांनी खाल्लेलं, तरी तिनं लगेच ओळखलं. त्यातल्या गोष्टीत जग बेचिराख झालंय, उरलेली माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत, आणि एक भाऊ-बहीण एका पाण्याच्या बाटलीवर समुद्राकडं निघालेत. तिला वाचता येत नव्हतं तेव्हा दादा धरणाच्या काठी बसून वाचून दाखवायचा. तिचा जीव होता त्या पुस्तकावर. शेवटी दोघं समुद्र गाठतात, हे तर तोंडपाठ.

पदरानं रक्त पुसत तिनं खिडकीपाशी शेवटचं पान उघडलं. एकदा वाचलं. परत वाचलं. बहीण झोपलेली असताना भाऊ बाटली उचलतो आणि एकटाच निघून जातो. पुढं काहीच नाही.

कडी वाजली. जयवंत आत आला. पोत्यावर कागद पसरून त्यानं तिचा हात पिरगळला आणि बोटांत पेन कोंबलं.

"दादा, तू खोटं वाचायचास."

त्याची नजर पुस्तकावर गेली. पकड सैल झाली.

"खरं वाचलं असतं तर रडली असतीस. लई ल्हान व्हतीस तू."

"आन् आता?"

"आता थोरली झालीस." त्यानं तिच्या कानाखाली ठेवून दिली. "कर सही!"

तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. चाचपडता हात भिंतीला लागला. तिथं भातकापणीचे विळे टांगलेले होते. एक उपसून तिनं सगळा जोर लावून कागदावर हाणला. जयवंतची बोटं थोडक्यात वाचली. कागद टराटरा फाटला, पोतं फाटलं, आणि भात दोघांच्या पायांवर सांडायला लागला.

जयवंत मागं सरकून दाराला टेकला. बाहेर एजंटनं हॉर्न वाजवला.

"सरक वाटंतनं," विळा तसाच धरून शुभांगी म्हणाली. "मी झोपलेली न्हाई, दादा."