काजळीपर्यंत

"सावित्री, वासिष्ठी, शास्त्री..."

फळीपलीकडून आवाज आला आणि गोपाळकृष्णांच्या हातातला अडकित्ता सुपारीवरच थांबला. आवाज दिगूच्या खोलीतून येत होता. वर्षभर त्या खोलीला कडी होती. दिगूचं वर्षश्राद्ध उद्यावर आलं होतं.

आनंदीबाई स्वयंपाकघरातून धावत ओटीच्या दारापर्यंत आल्या. हात पिठाचे तसेच.

"अहो, ऐकलंत?"

"ऐकलं," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर कुठेतरी आनंदही झाला होता. तोच सूर, शेवटचं अक्षर लांबवायची तीच खोड. मुलगा परत आला असेल तर भिऊन कसं चालेल?

त्या घरात अभ्यास कानांनी तपासला जाई. गोपाळकृष्ण रत्नागिरीच्या कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, की ओटीवरच्या झोपाळ्यावर सुपारी कातरत बसायचे. लाकडी फळीच्या भिंतीपलीकडे इंग्रजी तिसरीतला दिगू मोठ्यानं घोकायला लागे. आवाज चालू म्हणजे अभ्यास चालू. आवाज थांबला की गोपाळकृष्ण अडकित्त्यानं फळीवर वाजवत. ठक् ठक्. लगेच आवाज पुढे सुरू. पोराचे डोळे पुस्तकात आहेत की खिडकीबाहेरच्या फणसावर, याची चौकशी आळीतला कुठलाच बाप करत नसे. तोंड चाललंय ना, मग झालं! धाकटी पद्मजा भावाला चिकटून तिथेच बसायची. तिची शाळा मराठी चौथीला संपली होती. ती कुठे आहे, काय करते आहे, हे संध्याकाळी कुणी विचारत नसे.

गेल्या वर्षी, भात कापणीला आलं होतं त्या दिवसांत, दिगू शाळेतून आला तो डोकं धरूनच. दुसऱ्या दिवशी भूगोलाची परीक्षा होती. "अभ्यासाला बसलास की दुखणं विसरशील," असं म्हणून गोपाळकृष्णांनी त्याला खोलीत पाठवलं. आनंदीबाई तेव्हा बाहेरच्या झाल्या होत्या, मागच्या पडवीत वेगळ्या बसल्या होत्या. घरात यायचं नाही, पोराला शिवायचं नाही. तिथूनच त्यांनी विचारलं होतं, "दिगूचा आवाज आज बारीक येतोय. जरा बघून येता का?"

"चाललंय झकास," गोपाळकृष्ण म्हणाले होते आणि त्यांनी दुसरी सुपारी घेतली होती.

नद्या चालल्या होत्या. एकदाच, काजळी नदीचं नाव आलं आणि आवाज तुटला. त्यांनी फळीवर वाजवलं. नद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. जेवायला हाक मारली तेव्हा मात्र दिगू उठला नाही. ताप मस्तकात गेला होता. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

समाचाराला आलेल्या प्रत्येकाला गोपाळकृष्ण एकच गोष्ट सांगत. "एवढा ताप, पण पोरगा नद्या म्हणत होता हो! एकदाच थांबला. मी वाजवलं, की लगेच सुरू." माणसं मान हलवत, डोळे पुसत. पुढे समाचाराला येणारे सरले, तरी ते सांगतच राहिले. बाजारात सांगत, कचेरीत सांगत. या एका गोष्टीच्या आधारावर त्यांनी वर्ष काढलं. ते सांगायला लागले की पद्मजा उठून आत निघून जाई.

"...शास्त्री, काजळी..."

आवाज तुटला. तिथेच.

आनंदीबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. गोपाळकृष्णांचा हात सवयीनंच उचलला गेला. ठक् ठक्.

आत शांतता. त्यांनी पुन्हा वाजवलं. माडांची सळसळ तेवढी ऐकू आली. मग त्यांनी खुंटीवरचा कंदील काढला आणि खोलीचं दार ढकललं.

दिगूच्या वळकटीशी पद्मजा बसली होती. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या.

गोपाळकृष्णांना हायसं वाटलं. लगोलग रागही आला, आणि हिरमोडही झाला.

"तू होतीस होय गो? आई केवढी घाबरल्ये बघ! आणि आवाज तरी काय, हुबेहूब दिगूसारखा!"

त्यांनी कंदील तिच्याजवळ नेला.

"हा तांब्या कशाला?"

"दादा मागत होता."

"कधी?"

"त्या दिवशी." तिनं तांब्या वळकटीच्या उशाशी ठेवला. "त्याला बसवत नव्हतं, अण्णा. मला म्हणाला, पद्मे, तू म्हण, नाहीतर अण्णा वाजवतील. मग मीच म्हणत होत्ये. तो नुसता पडून होता. पाणी दे, पाणी दे म्हणत होता."

दारातून आनंदीबाईंचा हुंदका ऐकू आला. वर्षभर उराशी धरलेली गोष्ट गोपाळकृष्णांच्या हातून निसटत होती, आणि ती कुणावर तरी टाकायला हवी होती. समोर तेवढी एक पोर होती.

"मग उठून द्यायचं नाहीस?" ते ओरडले. "दोन पावलांवर माठ!"

पद्मजानं त्यांच्या हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं.

"उठल्ये होत्ये," ती म्हणाली. "काजळीपाशी. तुम्ही वाजवलंत."