बांगडीतली पिन

शेणवे गावाजवळच्या त्यांच्या पाड्यात रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली येते, म्हणून रेश्मा उजाडता उजाडता आईबरोबर तिथं आली. उद्या तिचा कबड्डीचा संघ थायलंडला निघणार होता. आई खाली पडलेली फुलं वेचत होती आणि झाड अजून झोपेत असल्यासारखं एकेक फूल तिच्या पाठीवर सोडत होतं. रेश्माने मोबाइलवर तिकडच्या इंटरनेटचे प्लॅन काढले. सात दिवसांचा स्वस्त होता. "फायनल कितव्या दिवशी हाय?" आईने विचारलं. "नवव्या. पोचलो तर." "मग पंधराचा घे." रेश्माने पंधराचा घेतला. आईने पाटी बाजूला ठेवली आणि बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढे केली. घरात मोबाइलचं कार्ड काढायला हीच पिन लागायची. "म्हंजे आता आपला नंबर काढायचा," ती म्हणाली. रेश्माचा तो नंबर घरी भाताच्या कणगीवर खडूने लिहिलेला होता. आई तो बघून बघून हातावर उतरवायची आणि झाडाखाली येऊन घरातल्या दुसऱ्या, साध्या मोबाइलवरून फोन लावायची. "नाय गो. या ई-सिमला कार्डच नसतं. आपलं कार्ड आत तसंच राहतं. तुझा फोन लागंल." पडद्यावरचं चक्र फिरलं, थांबलं. झालं. आई पिन परत बांगडीत अडकवू लागली, तशी रेश्माने मान पुढे केली. "माझ्या दोऱ्याला लाव." "कार्ड नाय, मग पिन कशाला?" रेश्माने मान तशीच पुढे ठेवली. आईने तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला पिन लावली, आणि सुटत तर नाही ना, म्हणून दोनदा ओढून पाहिली.