शालीकरामच्या गळ्यातला दुपट्टा

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं तसं धुरपताला चौकातल्या मंडपात नेऊन बसवलं. आज तिच्या हस्ते तिच्या बापाच्या फलकाचं अनावरण होतं. बाप म्हणजे शालीकराम. इंग्रजांच्या काळात सरकारी जंगलात शिरून त्यानं सगळ्यांदेखत गवत कापलं होतं आणि सहा महिने तुरुंग भोगला होता. इतक्या वर्षांत गावानं त्याचं नाव घेतलं नव्हतं. ऐंशी वर्षांची धुरपता पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती.

तिनं दोरी ओढली. पडदा सरकला.

घरातला एकुलता एक फोटो पुरुषभर मोठा झाला होता. पण उघड्या अंगाच्या त्या माणसाच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा होता. खाली लिहिलं होतं: 'हुतात्मा शालीकराम यांचा खरा वारस, आमचा पक्ष.'

"वीरेंद्रबाबू, हा दुपट्टा कोनं घातला माह्या बापाले?"

पक्षाचा तालुकाध्यक्ष वीरेंद्र हसत खाली वाकला. "कंप्युटरवर घातला, आजी. आज ते असते तर आमच्यातच असते ना!"

"अन् हुतात्मा कायले लिवलं? माहा बाप म्हातारा होऊन खाटेवर मेला. मीच पाणी पाजलं त्याले."

"एवढं चलता है, आजी. तुम्ही दोन शब्द बोला." त्यानं माईक तिच्यापुढं धरला.

रस्त्यापलीकडं विरोधकांचा मंडप होता. वीरेंद्रच्या हातातल्या चालू माईकवरून धुरपताचे सवाल तिथं ऐकू गेले होते; तिथून टाळ्या आणि शिट्ट्या आल्या. धुरपतानं मान वळवली. तिथल्या फलकावरही तिचा बापच होता. दुपट्ट्याचा रंग तेवढा वेगळा.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती खुर्चीला धरून उठली.

"तुमी कायले टाळ्या पिटून राहिले? तुमी तरी कोनाले इचारलं? स्वराज्य आल्यावर पक्षावाले घरी आले होते, निवडणुकीले उभे राहा म्हणून. बापानं चहा पाजला अन् वाटेले लावलं. म्हणे, जंगल गावाचं आहे म्हणून गवत कापलं, खुर्चीसाठी नाई कापलं. जित्ता होता तवा कोनाच्या हाती लागला नाई, आता मेल्यावर धरून नेऊन राहिले?" तिला धाप लागली. "इंग्रजानं सहा महिन्यानं सोडला होता त्याले. तुमी कवा सोडान?"



वीरेंद्रनं तिच्या तोंडापुढचा माईक अलगद मागं घेतला. घसा खाकरला.

"आजींना भावना अनावर झाल्या आहेत," तो गहिवरल्या आवाजात म्हणाला. "हुतात्म्याच्या लेकीसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आता टाळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पडल्या.